ॲम्ब्युलन्सच्या मागच्या भागात बसणारा माणूस काय शिकून येतो?

अपघात झाला की सगळे एकच ओरडतात, "ॲम्ब्युलन्स बोलवा!" गाडी आली की गर्दीला हायसं वाटतं. सायरन वाजवत ती निघून गेली की आपली जबाबदारी संपली. मागच्या दारातून आत चढलेला तो तरुण किंवा ती तरुणी कोण, काय शिकलेली, हे कुणी विचारत नाही. पण रुग्ण हॉस्पिटलच्या दारात जिवंत पोहोचणार की नाही, हे बऱ्याचदा गाडीच्या वेगापेक्षा त्या दोन हातांवर ठरतं. या माणसाला ईएमटी म्हणतात, म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन. बारावीनंतर या वाटेला यायचं का, असं विचारणारी बरीच मुलं-मुली आणि त्यांचे पालक भेटतात. हे त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी एक गैरसमज दूर करू. ईएमटी म्हणजे छोटा डॉक्टर नव्हे, आणि स्ट्रेचर ढकलणारा मदतनीस तर अजिबात नव्हे. त्याचं काम निदान करणं नसतं. या घडीला रुग्णाचा जीव कशानं जाऊ शकतो ते ओळखायचं, ते थांबवायचं किंवा लांबवायचं, आहे ती अवस्था आणखी बिघडू द्यायची नाही, आणि योग्य हॉस्पिटलला नेमकी माहिती देऊन रुग्ण सोपवायचा. एवढंच. पण या 'एवढंच' साठी जे शिकावं लागतं ते भरपूर आहे.

महाराष्ट्रातली एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण नोकरीचा हिशेब तिच्यावर अवलंबून आहे. आपल्याकडची १०८ सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली. तिचा राज्यभरचा कॉल सेंटर पुण्यातच, औंधला. सुरुवातीच्या ताफ्यात ९३७ गाड्या होत्या: २३३ ॲडव्हान्स लाइफ सपोर्टच्या, म्हणजे अतिगंभीर रुग्णांसाठी जास्त उपकरणं असलेल्या, आणि ७०४ बेसिक लाइफ सपोर्टच्या, म्हणजे प्राथमिक उपकरणांच्या. इतर अनेक राज्यांत १०८ च्या गाडीत ईएमटी असतो. आपल्याकडे डॉक्टर असतो, आणि सोबत पायलट, म्हणजे ड्रायव्हर. त्यामुळे पुण्यात ईएमटी शिकलेल्या मुलांना काम मिळतं ते मुख्यतः मोठ्या हॉस्पिटलांच्या कार्डिॲक ॲम्ब्युलन्समध्ये, कॅज्युअल्टीत (तातडीच्या रुग्णांच्या विभागात), खासगी ॲम्ब्युलन्स सेवांमध्ये, चाकण-रांजणगावच्या कारखान्यांतल्या वैद्यकीय कक्षात, मॅरेथॉन आणि मोठ्या कार्यक्रमांच्या बंदोबस्तात. 'कोर्स झाला की लगेच १०८ वर' असं कुणी सांगत असेल, तर त्याला इथेच थांबवून नीट प्रश्न विचारा.

सगळा अभ्यास एका क्रमावर उभा आहे

पुस्तक जाडजूड असतं. शरीररचना, श्वसन, हृदय, औषधं, बाळंतपण, विषबाधा, भाजणं, सगळं त्यात येतं. पण मी शिकवताना पहिल्या दिवसापासून एकाच गोष्टीवर अडून बसतो: क्रम. आधी काय बघायचं, मग काय, आणि एक गोष्ट सुटली असेल तर पुढे जायचं नाही. घाबरलेल्या माणसाचं डोकं चालत नाही. हाताला क्रम बसलेला असेल तर हात चालतात.

पुण्यातल्या नवले पुलाजवळचा उतार घेऊ. रात्री साडेदहा, बायपासवर दुचाकीला मागून टेंपोची धडक. दोघं खाली पडलेत. एक जण पाय धरून मोठमोठ्यानं ओरडतोय, दुसरा शांत पडलाय. गर्दी ओरडणाऱ्याभोवती. नवीन मुलगा गाडीतून उडी मारून थेट तिकडेच धावतो. शिकलेला आधी थांबतो. वरून उतारावर ट्रक भरधाव येतायत का? डिझेल सांडलंय का? आपली गाडी अशी आडवी लावली का, की मागून येणारं वाहन आधी तिला धडकेल, आपल्याला नाही? हातमोजे घातले का? किती जखमी आहेत, दुसरी गाडी मागवायची का? हे सगळं काही सेकंदांत व्हायला हवं. जो स्वतः जखमी झाला तो कुणालाच वाचवू शकत नाही.

मग तो शांत पडलेल्याकडे जातो. ओरडणाऱ्याचा श्वासमार्ग मोकळा आहे, फुप्फुसात हवा जातेय, मेंदूला रक्त मिळतंय. त्याशिवाय इतकं ओरडता येत नाही. खरी भीती गप्प माणसाची.

"दादा, ऐकू येतंय का? डोळे उघडा." उत्तर नाही. मांडीतून रक्ताची धार लागली असेल तर तिथे आधी हात, कारण मोठी धमनी फाटली तर माणूस काही मिनिटांत जातो. सरळ दाबून धरायचं, थांबलं नाही तर टूर्निके, म्हणजे रक्त थांबवणारा पट्टा, जखमेच्या वर आवळायचा आणि बांधल्याची वेळ लिहायची. रक्त आटोक्यात आलं की श्वासमार्ग. घशातून घरघर येतेय, म्हणजे रक्त किंवा उलटी साचलीय. सक्शन, म्हणजे ते ओढून काढणारं यंत्र, लावायचं, पण एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नाही, कारण सक्शन चालू असताना ऑक्सिजनही ओढला जातो. मान मोडलेली असू शकते, म्हणून डोकं मागे वाकवायचं नाही. जबड्याच्या दोन्ही कोपऱ्यांना बोटं लावून जबडा पुढे उचलायचा. मग श्वास: मिनिटाला किती, छातीच्या दोन्ही बाजू सारख्या हलतायत का. मग रक्ताभिसरण: मनगटाला नाडी लागते का, कातडी गार आणि घामेजलेली आहे का. मग शुद्ध किती. त्यासाठी ग्लासगो कोमा स्केल वापरतात, जी १९७४ मध्ये ग्लासगोच्या दोन न्यूरोसर्जननी मांडली: डोळे, बोलणं आणि हालचाल मिळून कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. शेवटी कपडे कापून सगळं अंग तपासायचं, आणि लगेच पांघरूण घालायचं. रक्त गेलेल्या माणसाला थंडी वाजली की रक्त गोठण्याची क्रिया मंदावते.

ओरडणाराही विसरायचा नाही. बंद कातडीच्या आत मांडीचं हाड मोडलं तर लिटर-दीड लिटर रक्त आतल्या आत साचू शकतं. बाहेर थेंब दिसत नाही. तो अचानक शांत झाला तर 'बरं वाटतंय' असं समजायचं नाही, पुन्हा पहिल्यापासून तपासायचं. गंभीर रुग्ण दर पाच मिनिटांनी, स्थिर रुग्ण दर पंधरा मिनिटांनी. शक्य असेल तर अपघाताच्या जागी दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही. सलाईन चालत्या गाडीतही लावता येतं.

हाच क्रम विद्यार्थी पुतळ्यावर, मग एकमेकांवर, मग डोळ्यांसमोर मुद्दाम गोंधळ घालणाऱ्या खोट्या नातेवाइकांसमोर करतात. कंटाळा येईपर्यंत, आणि कंटाळा आल्यानंतरही.

हाताला शिकवायच्या गोष्टी

सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून आणि श्वास देऊन त्याला जगवणं, सगळ्यांना माहीत असतो असं वाटतं. पुतळ्यासमोर बसवलं की कळतं. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ, खांदे बरोबर वर. दाब प्रौढ माणसात पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. तीस दाब, मग दोन श्वास. म्हणजे तीस दाब पंधरा ते अठरा सेकंदांत व्हायला हवेत. नवखे विद्यार्थी मोठ्यानं मोजतात आणि 'एकोणतीस'पर्यंत येता येता लय मंदावते. त्यांना मी दहापर्यंत तीनदा मोजायला सांगतो.

सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट वेगळीच. दाबल्यावर छाती पूर्ण वर येऊ द्यावी लागते. थकलेला माणूस छातीवर रेलून राहतो, छाती वर येत नाही, हृदयात रक्त भरत नाही, आणि पुढचा दाब फुकट जातो. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, मी दमलो नाही असं तो म्हणत असला तरी. बदलताना दहा सेकंदांपेक्षा जास्त खंड नको.

दुसरी गोष्ट ऑक्सिजनची. इथे गणित येतं आणि बरेच जण ते टाळतात. छोटा बी-टाईप सिलिंडर पूर्ण भरलेला असताना त्यात साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. पिशवीवाला नॉन-रिब्रीदर मास्क मिनिटाला १५ लिटरवर चालवला तर १०० मिनिटं पुरतो. आता समजा, भोरहून दम लागलेल्या आजींना पुण्याला आणायचंय. पन्नासेक किलोमीटर. गेजचा काटा अर्ध्यावर आहे, म्हणजे ७५० लिटर, म्हणजे ५० मिनिटं. हायवे मोकळा असेल तर जेमतेम पोहोचाल. कात्रजच्या आसपास अडकलात तर आजी गाडीतच आणि सिलिंडर रिकामा. हे गणित भोरमध्ये, गाडी हलवण्याआधी करायचं असतं. म्हणून ड्युटीवर आल्या आल्या पहिलं काम गेज वाचणं. त्याच वेळी सक्शन चालू करून बघायचं, हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या डिफिब्रिलेटरची बॅटरी बघायची, घशात बघायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का ते बघायचं. रोज, आधीच्या शिफ्टनं 'सगळं ओके' लिहिलेलं असलं तरी.

चालत्या गाडीत रक्तदाब मोजणं हाही एक धडा. रस्ता खडबडीत, सायरन चालू, स्टेथोस्कोपमधून काही ऐकू येत नाही. मग मनगटाच्या नाडीवर बोट ठेवून दंडावरचा पट्टा फुगवायचा, मग हवा सोडताना नाडी परत लागते तो आकडा वरचा दाब म्हणून लिहायचा. खालचा मिळत नाही. मिळाला नाही तर नाही लिहायचा. अंदाजानं आकडा टाकणं हा या कामातला मोठा गुन्हा आहे.

आणि उचलणं. कसबा, शनिवार, नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यांत तिसऱ्या मजल्यावरून रुग्ण खाली आणायचा म्हणजे काय, ते तिथल्या लाकडी जिन्यांवर गेल्याशिवाय समजत नाही. स्ट्रेचर वळतच नाही. चेअर स्ट्रेचर लागते, पायाकडचा माणूस उलटा उतरतो, आणि कुणी तरी मागून त्याच्या कंबरेला धरून पायऱ्या मोजतो. पाठीतून वाकून उचललं तर काही वर्षांत ईएमटी स्वतःच रुग्ण होतो. गुडघ्यातून बसायचं, वजन अंगाजवळ घ्यायचं, 'एक-दोन-तीन' डोक्याकडच्या माणसानंच म्हणायचं. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर गाडी आत जातच नाही. तेव्हा बॅग खांद्यावर, एईडी (झटका देणारं छोटं स्वयंचलित यंत्र) हातात आणि चालत.

आजार ओळखायचा नसतो, धोका ओळखायचा असतो

छातीत दुखतंय, डाव्या हातात कळ जातेय, घाम फुटलाय. याचं नाव ईसीजी आणि डॉक्टर ठरवतील. ईएमटीनं रुग्णाला चालू द्यायचं नाही, ऑक्सिजनचं प्रमाण बघायचं, ॲलर्जी विचारायची, डॉक्टरांच्या सूचनेनुसार ॲस्पिरिन चावायला द्यायची, आणि जिथे अँजिओप्लास्टी होते अशा हॉस्पिटलला आधी फोन करायचा. तोंड वाकडं, एक हात खाली पडतोय, बोलणं अडखळतंय, तर सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: शेवटचं व्यवस्थित कधी होते? रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. 'सकाळी उठले तेव्हाच असं होतं' आणि 'आत्ता जेवताना झालं' या दोन उत्तरांत उपचाराची सगळी दिशा बदलते.

बरळणारा, घामाघूम, पाय लटपटणारा माणूस रस्त्यावर दिसला की लोक 'पिऊन पडलाय' म्हणून पुढे जातात. शिकलेल्या माणसानं तसं म्हणायचं नाही. आधी बोटाला टोचून साखर बघायची. मधुमेह्याची साखर खाली गेली की हेच दिसतं, आणि गिळता येत असेल तर तोंडातून दिलेलं ग्लुकोज काही मिनिटांत माणूस परत आणतं. दारू प्यालेल्याचीही साखर खाली गेलेली असू शकते. आणि गिळता येत नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, पाणीसुद्धा.

पुणे जिल्ह्यात काम करायचं तर सापांची माहिती असायलाच हवी. मुळशी, वेल्हे, भोर भागात पावसाळ्यात मण्यारचा दंश ही वेगळीच केस असते. माणूस जमिनीवर झोपलेला, मध्यरात्री उठून पोटात दुखतंय म्हणतो. दंशाची खूण दिसत नाही, सूज नाही, आग नाही. घरचे पित्त झालंय म्हणतात. मग पापण्या जड होतात, बोलणं घोगरं होतं, गिळताना अडतं, आणि शेवटी श्वास थांबतो. पावसाळी रात्र, जमिनीवर झोप, पोटदुखी आणि पडणाऱ्या पापण्या एकत्र आल्या की मण्यार मनात यायलाच हवी. आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही, साप पकडायला माणसं पाठवायची नाहीत. हात किंवा पाय फळी बांधून स्थिर करायचा, दागिने काढायचे, प्रतिसर्पविष आणि व्हेंटिलेटर जिथे आहे तिथेच जायचं, आणि वाटभर डोळा छातीवर ठेवायचा. श्वास मंदावला तर अंबू बॅगनं, म्हणजे हातानं दाबायच्या मास्कवाल्या पिशवीनं, श्वास देत राहायचं, हॉस्पिटल येईपर्यंत. औषध हाताशी नसतानाही केवळ पिशवी दाबत राहून माणूस जगवता येतो, हे विद्यार्थ्यांना पटतं तेव्हा त्यांची बसण्याची ढब बदलते.

बाळंतपण गाडीत होतं, नेहमी होतं. बहुतेक वेळा आई आणि निसर्ग मिळून काम करतात. ईएमटीनं घाई करायची नाही, बाळाला ओढायचं नाही, बाळ लगेच पुसून आईच्या छातीवर ठेवायचं, नाळ एक ते तीन मिनिटांनी बांधायची, आणि नंतर आईचं रक्त किती जातंय ते बघत राहायचं. आता आपल्याकडे दोन रुग्ण आहेत, हे विसरलं जातं.

माणसांशी वागणं

हे कोर्समध्ये सगळ्यात कमी तास घेतं आणि प्रत्यक्षात सगळ्यात जास्त लागतं. नातेवाईक ओरडतात, कधी हात उगारतात. घाबरलेल्या माणसाला काम द्या: "काका, जुनी फाईल आणि सुरू असलेल्या गोळ्या आणा." हात कामाला लागले की आवाज खाली येतो, आणि गोळ्यांची पिशवी तुमच्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं देते. रुग्ण बेशुद्ध वाटत असला तरी त्याच्याशी बोलत राहायचं, काय करतोय ते सांगत राहायचं. वयस्कर बाईंना 'आजी' म्हणा, 'पेशंट' नको.

मदत करणाऱ्या वाटसरूला 'नाव सांगा, पोलिसांत यावं लागेल' असं घाबरवू नका. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४-अ आलं. चांगल्या भावनेनं मदत करणाऱ्याला त्यानं संरक्षण दिलंय आणि त्याखालच्या नियमांनी नाव सांगायची सक्ती काढून टाकलीय. तुमच्याकडून हे त्याला कळलं तर पुढच्या वेळीही तो थांबेल.

हॉस्पिटलमध्ये सोपवणं मिनिटाभराचं असतं. काय झालं, कधी झालं, काय सापडलं, काय केलं, त्यानं काय फरक पडला. मेडिकोलीगल, म्हणजे पोलिसांत नोंद होणाऱ्या, केसमध्ये तुमचा कागद पुढे कोर्टातही जाऊ शकतो, म्हणून जे पाहिलं तेच लिहा. 'दारू प्यालेला' नको, 'तोंडाला दारूसारखा वास' चालेल.

काही केस वाचत नाहीत. लहान मूल गेलं की त्या शिफ्टनंतर गाडी धुताना कुणीच बोलत नाही. त्या रात्री एकटं घरी जाऊ नका, सोबतच्या पायलटशी किंवा सरांशी बोला. झोप उडाली, चिडचिड वाढली, कामावर जायची भीती वाटू लागली तर डॉक्टरांना दाखवा. यात लाज कसली?

कोर्स निवडताना

१९६० च्या दशकापर्यंत अमेरिकेतही ॲम्ब्युलन्समधल्या माणसांना फारसं शिक्षण नव्हतं; पिट्सबर्गमध्ये आजारी माणसं पोलिसांच्या गाडीतून जायची. १९६७ मध्ये तिथे फ्रीडम हाउस ॲम्ब्युलन्स सेवा सुरू झाली. डॉ. पीटर साफर यांनी गरीब कृष्णवर्णीय वस्तीतली, बऱ्याचदा बेरोजगार असलेली माणसं निवडून त्यांना पद्धतशीर शिकवलं, आणि ती तिथल्या पहिल्या खऱ्या पॅरामेडिकांपैकी, म्हणजे ॲम्ब्युलन्समध्येच उपचार करणाऱ्या प्रशिक्षितांपैकी, ठरली. मार्कांपेक्षा शिकण्याची तयारी मोठी, हे मी त्या उदाहरणावरून पालकांना सांगतो.

आपल्याकडे आज तीन-चार दारं आहेत. कौशल्य विकास योजनांमधले ईएमटी बेसिक आणि ॲडव्हान्स हे अल्प मुदतीचे कोर्स; दोन वर्षांच्या आसपासचे डिप्लोमा; आणि पदवी. डॉक्टर असाल तर सिंबायोसिसचा आपत्कालीन वैद्यकीय सेवांचा पदव्युत्तर डिप्लोमा पुण्यातच आहे, पण तो बारावीनंतरचा नाही. निवड करताना २०२१ चा राष्ट्रीय अलाइड आणि हेल्थकेअर प्रोफेशन्स कायदा डोळ्यांसमोर ठेवा. त्याच्या यादीत इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट हे पद आहे, आणि अलाइड हेल्थ प्रोफेशनल म्हणवून घ्यायला किमान २००० तासांचं, दोन ते चार वर्षांत विभागलेलं शिक्षण त्यानं ठरवलंय. तीन-सहा महिन्यांच्या कोर्समध्ये इतके तास बसत नाहीत. छोटा कोर्स वाईट नव्हे, सुरुवात म्हणून चांगला आहे. पण त्यावर आयुष्यभराची नोंदणी मिळेल असं धरून कर्ज काढू नका.

प्रवेश घेण्याआधी संस्थेत जा आणि पुतळे बघायला मागा. छाती दाबल्यावर खोलीचा अंदाज देणारा पुतळा आहे का? सक्शन मशीन चालू करून दाखवा म्हणा. कोणत्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत किती आठवडे पाठवतात, तिथे हात लावू देतात की कोपऱ्यात उभं करतात, हे शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना चहाच्या टपरीवर विचारा. ऑफिसात खरं उत्तर मिळेलच असं नाही. प्रमाणपत्र कोण देतं, विद्यापीठ की संस्था स्वतः, हे लेखी घ्या. सीपीआरचं कार्ड घेतलं तर त्यावरची मुदत बघा; अमेरिकन हार्ट असोसिएशनचं बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट) कार्ड दोनच वर्षं चालतं, आणि हाताची सवय त्याहून लवकर जाते. आणि पोस्टिंग लागलं की दिवसपाळीसाठी धडपडू नका. शनिवारची रात्रपाळी मागून घ्या; बायपासवरच्या केसेस तेव्हाच येतात आणि शिकवायला सीनियरही तेव्हाच सापडतात, सकाळच्या राउंडच्या गर्दीत नाही.